जुनें सॉफ्टवेअर कसें ओळखावें ?

शाळेच्या ग्रंथालयांत दरवर्षीं उन्हाळ्याच्या सुटीपूर्वीं पुस्तकांची मोजदाद होते, हें आमच्या वाचकांस ठाऊक आहेच. नोंदवहींतील प्रत्येक नांव कपाटांतील पुस्तकाशीं ताडून पाहिलें जातें, आणि कोणतें पुस्तक जागेवर आहे व कोणतें गहाळ झालें याचा निकाल लागतो. परंतु या मोजदादीनें एका प्रश्नाचें उत्तर मिळत नाहीं. कपाटांतील व्याकरण तिसऱ्या आवृत्तीचें आहे आणि बाजारांत पांचवी आवृत्ति आलेली आहे, हें नोंदवही सांगूं शकत नाहीं. कपाट तर मुळींच सांगत नाहीं. त्यासाठीं प्रकाशकाचें ताजें सूचीपत्र हातीं असावें लागतें. संगणकांत घातलेल्या सॉफ्टवेअरची गोष्ट अशीच आहे. तेथें पुस्तकांच्या जागीं ‘पॅकेजें’ असतात, नोंदवही यंत्राच्या पोटांत असते, आणि सूचीपत्र दूरच्या भांडारांतून मागवावें लागतें. या तिहींचा मेळ कसा घालावा, आणि तो घातल्यावर मिळालेल्या उत्तरावर कितपत विसंबावें, हें या लेखांत पाहूं.

गेल्या जून महिन्यांत घडलेली एक गोष्ट प्रथम सांगतों, कारण हा लेख तिच्यामुळेंच लिहावा लागला. सुटी संपून संगणकांची खोली उघडली. आमच्या यंत्रांवर डेबियन ही कार्यप्रणाली आहे. नववींतील एका विद्यार्थ्यानें एकामागून एक यंत्रापुढें बसून ‘ॲप्ट लिस्ट --अपग्रेडेबल’ ही आज्ञा दिली. (आज्ञा येथें नागरी लिपींत छापल्या आहेत; यंत्राला देतांना त्या रोमन अक्षरांत, लहान लिपींत टंकाव्या.) उत्तरादाखल यादी तयार झाल्याची एक ओळ उमटली, आणि तिच्या खालीं एकहि नांव आलें नाहीं. आम्हीं मोठ्या समाधानानें वहींत लिहिलें, ‘सर्व यंत्रें तपासलीं, कांहींहि जुनें नाहीं.’ चार दिवसांनीं इमारतींतील इंटरनेटची तार दुरुस्त झाली, त्याच विद्यार्थ्यानें पुन्हां तपासणी केली, आणि नांवांनीं पडदा भरून वर सरकूं लागला ! त्यांत ब्राउझर होता, सांकेतिक दळणवळण संभाळणारें ओपनएसएसएल होतें, आणि ज्या यंत्रावर सर्व वर्गांच्या गुणपत्रिका तयार होतात तेंहि यंत्र या यादींतून सुटलें नव्हतें. चार दिवसांत एवढीं पॅकेजें जुनीं झालीं काय ? नाहीं. तीं मे महिन्यांतच जुनीं झालीं होतीं. आम्हीं त्यांची तुलना एप्रिलच्या सूचीपत्राशीं केली होती.

ही चूक कशी झाली हें कळण्यासाठीं यंत्राची व्यवस्था थोडी समजून घेतली पाहिजे. इ. स. १९९३ च्या ऑगस्टमध्यें इयान मर्डॉक या अमेरिकन विद्यार्थ्यानें डेबियनची घोषणा केली. मैत्रीण डेब्रा हिचें नांव व आपलें स्वतःचें नांव जोडून त्यानें हा शब्द बनविला. या प्रणालींत प्रत्येक सॉफ्टवेअर पॅकेजाच्या रूपानें येतें, आणि ‘डीपीकेजी’ नांवाचा कारभारी तें उघडून जागच्या जागीं ठेवतो. काय ठेवलें, कोणत्या आवृत्तीचें ठेवलें, याची नोंद तो ‘स्टेटस’ या फाइलींत करतो. हीच आपली नोंदवही. ‘डीपीकेजी -एल’ अशी आज्ञा दिली कीं तींतील सर्व नांवें व त्यांपुढें आवृत्त्यांचे क्रमांक दिसतात. पण या कारभाऱ्याला बाहेरच्या जगाची वार्ता नसते. ती आणण्याचें काम ‘ॲप्ट’ करतो. १९९९ सालीं निघालेल्या डेबियन २.१ पासून तो या प्रणालींत आहे.

‘सुडो ॲप्ट अपडेट’ ही आज्ञा दिली कीं ॲप्ट भांडाराशीं बोलतो आणि तेथील ताजीं सूचीपत्रें उतरवून आपल्या यंत्रावर ठेवतो. आरंभींचा ‘सुडो’ हा शब्द व्यवस्थापकाच्या अधिकारानें आज्ञा देण्यासाठीं आहे. नवशिक्याची येथें एक ठराविक फसगत होते. ‘अपडेट’ या नांवावरून त्यास वाटतें कीं सॉफ्टवेअर नवें झालें. वस्तुतः या आज्ञेनें एकहि पॅकेज बदलत नाहीं; केवळ सूचीपत्र बदलतें. पॅकेजें बदलणारी आज्ञा ‘अपग्रेड’ ही होय. हीं दोन नांवें इतकीं सारखीं कोणी ठेवलीं असतील, असा प्रश्न आमच्या वर्गांत दरवर्षीं एकदां तरी निघतो, आणि आमच्यापाशीं त्याचें समर्थन नाहीं.

सूचीपत्र ताजें झाल्यावर मग ‘ॲप्ट लिस्ट --अपग्रेडेबल’ विचारावें. ही आज्ञा भांडाराकडे जात नाहीं, हें ध्यानांत धरावें. यंत्रावर आधींच असलेलें सूचीपत्र व नोंदवही यांची ती तुलना करते. म्हणूनच तार तुटलेली असतांहि ती निमूटपणें उत्तर देते, आणि म्हणूनच आम्ही फसलों. तिच्या उत्तरांतील प्रत्येक ओळींत प्रथम पॅकेजाचें नांव, तिरप्या रेघेनंतर तें कोणत्या भांडारांतून येणार तें, पुढें नवी आवृत्ति, यंत्राची जात, आणि शेवटीं चौकोनी कंसांत सध्यांची जुनी आवृत्ति असते. तिरप्या रेघेपुढें ‘सिक्युरिटी’ हा शब्द दिसला तर ती ओळ आधीं वाचावी, कारण ती सुरक्षेची दुरुस्ती आहे.

आतां आवृत्तीच्या क्रमांकाविषयीं. १.९ मोठा कीं १.१० ? गणिताच्या तासाला विचारलें तर १.९ मोठा, कारण १.१० म्हणजे १.१ च. पण आवृत्तीचा क्रमांक हा दशांश अपूर्णांक नव्हे. त्यांतील टिंब हें दशांशचिन्ह नसून, प्रकरण व कलम यांमधील टिंबासारखें आहे. पहिल्या प्रकरणाचें दहावें कलम नवव्याच्या मागून येतें, म्हणून १.१० ही आवृत्ति १.९ हून नवी. शंका असल्यास यंत्रासच विचारतां येतें : ‘डीपीकेजी --कम्पेअर-व्हर्शन्स १.१० जीटी १.९’. येथें ‘जीटी’ म्हणजे ‘हून मोठा’. ही आज्ञा तोंडानें कांहीं बोलत नाहीं. लगेच ‘इको $?’ विचारलें असतां विधान खरें असल्यास ० व खोटें असल्यास १ हा अंक मिळतो. खऱ्याला शून्य हें मुलांना विचित्र वाटतें. परंतु संगणकाच्या या प्रांतांत शून्य म्हणजे ‘तक्रार नाहीं’.

याहून गमतीचें एक चिन्ह आहे, तें लाटेसारखें (~). डेबियनच्या नियमांत हें चिन्ह सर्वांच्या आधीं लागतें. इतकेंच नव्हे, तर रिकाम्या जागेच्याहि आधीं. म्हणून १.०~आरसी१ ही आवृत्ति १.० च्या मागची ठरते. पक्क्या आवृत्तीपूर्वीं परीक्षणासाठीं काढलेल्या कच्च्या आवृत्तींस असे क्रमांक देतात. क्रमांकाच्या आरंभीं कधीं कधीं एक अंक व विसर्गासारखीं दोन टिंबें असतात. त्या अंकास ‘इपॉक’ म्हणजे युग म्हणतात. मागें क्रमांक देण्यांत गोंधळ झाला किंवा पद्धत बदलली, तर युगाचा अंक वाढवून नव्या क्रमांकास जुन्याच्या वर बसवितां येतें. शककर्त्यानें नवा शक सुरू केला कीं वर्ष एकपासून मोजलें तरी काळ मागें जात नाहीं, तसेंच हें.

क्रमांकांतील आडव्या रेघेनंतरचा भाग मात्र सर्वांत महत्त्वाचा. त्याकडे दुर्लक्ष केल्यामुळें जाणत्या लोकांचीहि फसगत होते. याचें उत्तम उदाहरण २०१४ सालचें आहे. त्या वर्षीं ७ एप्रिल रोजीं ओपनएसएसएलमधील ‘हार्टब्लीड’ नांवाचा दोष प्रसिद्ध झाला. दोन यंत्रें सांकेतिक भाषेंत बोलत असतां, ‘तूं जागा आहेस काय ?’ असें एकानें विचारावें, सोबत एक शब्द द्यावा, आणि दुसऱ्यानें तोच शब्द परत पाठवावा, अशी एक सोय तींत होती. विचारणाऱ्यानें शब्द दिला चार अक्षरांचा आणि लांबी सांगितली हजारोंची, तर उत्तर देणारें यंत्र ती लांबी पडताळून न पाहतां शब्दाच्या शेजारीं स्मृतींत जें जें पडलेलें असेल तें तें उचलून देई. एका खेपेस ६४ किलोबाइटपर्यंत. त्या शेजारच्या मजकुरांत कोणाचे गुप्तशब्द असत, तर कधीं यंत्राची स्वतःची गुप्त किल्लीहि असे.

दोष १.०.१ पासून १.०.१एफ पर्यंतच्या आवृत्त्यांत होता व १.०.१जी मध्यें दुरुस्त झाला. आतां त्या वेळच्या डेबियन ७ कडे पाहावें. तींत १.०.१ई ही आवृत्ति होती, म्हणजे दोषी आवृत्त्यांपैकींच एक. डेबियननें तिच्या जागीं १.०.१जी बसविली नाहीं. दुरुस्तीच्या मोजक्या ओळी तेवढ्या जुन्या आवृत्तींत आणून घातल्या, आणि त्या पॅकेजास १.०.१ई-२+डेब७यू५ असा क्रमांक दिला. म्हणजे आडव्या रेघेच्या डावीकडे पाहणारा म्हणेल, ‘हें जुनें, दोषयुक्त आहे’. उजवीकडे पाहणारा म्हणेल, ‘हें दुरुस्त झालेलें आहे’. आणि दुसऱ्याचें म्हणणें खरें. असें कां करतात ? नवी आवृत्ति आणली कीं दुरुस्तीबरोबर नव्या सोयी येतात, जुन्या सवयी मोडतात, आणि तिच्यावर अवलंबून असलेलीं इतर पॅकेजें अडखळतात. स्थिर म्हणविणाऱ्या प्रणालीनें तो धोका पत्करूं नये, असा डेबियनचा दंडक आहे. आणखी मौज अशी कीं त्याहून जुनी जी डेबियन ६, तिला हा दोष मुळींच बाधला नाहीं. तींतील ओपनएसएसएल ०.९.८ या मालिकेचें होतें, आणि ती यंत्रें जागीं आहेत कीं नाहींत हें विचारण्याची सोय तोंवर निघालीच नव्हती.

याची उलट बाजू २०२४ सालीं दिसली. फायली आंवळून लहान करणाऱ्या ‘एक्सझेड’ या साधनाच्या ५.६.० व ५.६.१ या अगदीं नव्या आवृत्त्यांत कोणीतरी हेतुपुरस्सर चोरदार बसविलें होतें. दूरच्या यंत्रांत प्रवेश करतांना सुमारें अर्ध्या सेकंदाचा अधिक वेळ कां लागतो, या क्षुल्लक वाटणाऱ्या शंकेचा माग काढीत अँड्रेस फ्रॉइंड या अभियंत्यास तें सांपडलें, आणि २९ मार्च रोजीं त्यानें तें उघड केलें. डेबियनच्या परीक्षणासाठीं असलेल्या शाखांत हीं पॅकेजें शिरलीं होतीं. स्थिर शाखेंत ५.४.१ होतें, तें वांचलें. तेव्हां जो कोणी जगांतील सर्वांत नवा क्रमांक आपल्या यंत्रावर असावा असा हट्ट धरील, त्यानें हें साल आठवावें. आपलें यंत्र ज्या भांडाराशीं बांधलेलें आहे, त्या भांडाराच्या मानानें आपण मागें आहों काय, एवढाच प्रश्न विचारावयाचा असतो.

एकाच पॅकेजाविषयीं हा प्रश्न विचारावयाचा असेल तर ‘ॲप्ट पॉलिसी’ या शब्दांपुढें त्याचें नांव लिहावें. ‘इन्स्टॉल्ड’ म्हणजे घातलेली आवृत्ति व ‘कँडिडेट’ म्हणजे भांडारांतील उमेदवार, अशा दोन ओळी येतात. दोन्ही क्रमांक एकच असतील तर त्या सूचीपत्रापुरतें पॅकेज ताजें आहे. नव्या आवृत्तींत काय बदललें हें ‘ॲप्ट चेंजलॉग’ सांगतो, आणि ‘ॲप्ट-गेट -एस अपग्रेड’ हा प्रत्यक्ष कांहीं न बदलतां सर्व बदलांची रंगीत तालीम करून दाखवितो. कोणी मुद्दाम थोपवून ठेवलेलीं पॅकेजें ‘ॲप्ट-मार्क शोहोल्ड’ या आज्ञेनें दिसतात. थोपवणारा बहुधा शाळा सोडून गेलेला असतो !

फेडोरावर ‘डीएनएफ चेक-अपडेट’, मॅकवर होमब्रू असल्यास ‘ब्रू आउटडेटेड’, विंडोजवर ‘विंगेट अपग्रेड’ अशा आज्ञा आहेत, तत्त्व तेंच.

परंतु ॲप्टला केवळ आपल्या नोंदवहींतलेंच ठाऊक असतें. पायथन शिकणारे विद्यार्थी ‘पिप’ वापरून जीं पॅकेजें आणतात, त्यांची नोंद पिपच्या घरीं. तेथें ‘पिप लिस्ट --आउटडेटेड’ असें विचारावें लागतें, आणि ज्यानें प्रत्येक कामासाठीं वेगळें आभासी आवार केलें असेल त्यानें प्रत्येक आवारांत शिरून विचारावें. जावास्क्रिप्टवाल्यांचा ‘एनपीएम आउटडेटेड’ तीन रकाने दाखवितो : ‘करंट’ म्हणजे सध्यांची आवृत्ति, ‘वॉन्टेड’ म्हणजे तुम्हीं आंखून घेतलेल्या मर्यादेंत बसणारी, आणि ‘लेटेस्ट’ म्हणजे बाहेर निघालेली ताजी. ‘वॉन्टेड’ व ‘लेटेस्ट’ हे दोन वेगळे रकाने ठेवण्यांत त्या लोकांनीं मोठें शहाणपण दाखविलें आहे, असें आम्हांस वाटतें. आणि ज्या वस्तूंची नोंद कोणत्याच वहींत नाहीं, त्यांचें काय ? एखाद्या कार्यक्रमाच्या पोटांत बांधून आलेलें ग्रंथालय कोणत्याहि यादींत दिसत नाहीं.

अमेरिकेंतील इक्विफॅक्स या कंपनीचें २०१७ मधील प्रकरण या बाबतींत वाचण्यासारखें आहे. लोकांच्या कर्जांच्या नोंदी ठेवणें हा तिचा धंदा. ‘अपाची स्ट्रट्स’ या साधनांतील गंभीर दोष व त्याची दुरुस्ती ७ मार्च रोजीं जाहीर झाली. कंपनीनें आपल्या माणसांस सूचना धाडली. पण ज्यांना ती धाडावयाची त्यांची यादीच जुनी होती, आणि दुरुस्ती ज्याच्या हातीं त्याला ती पोंचली नाहीं. पुढें कंपनीनें आपल्या यंत्रांची तपासणी केली. तपासणींत कांहीं आढळलें नाहीं, आणि दोष मात्र एका संकेतस्थळांत तसाच राहिला. मे महिन्याच्या मध्यास चोर त्याच वाटेनें शिरले, जुलैच्या अखेरीपर्यंत त्यांचा कोणास पत्ता नव्हता, आणि सुमारें १४ कोटि ७० लक्ष लोकांची खाजगी माहिती उघडी पडली. ज्यांची माहिती गेली त्यांपैकीं बहुतेकांनीं ती या कंपनीस आपण होऊन दिलेलीहि नव्हती. ‘कांहीं आढळलें नाहीं’ असें तेथेंहि कोणाच्या तरी वहींत लिहिलें गेलें असेल, हें मनांत येऊन आमची जूनमधील नोंद आम्हांस पुन्हां आठवली.

रिकाम्या यादीचा आणखी एक अर्थ आहे, आणि तो सर्वांत फसवा. प्रत्येक प्रणालीला आयुष्य असतें. डेबियन १० ही जुलै २०१९ मध्यें निघाली, आणि तिची दीर्घकाल देखभाल ३० जून २०२४ रोजीं संपली. त्यानंतर त्या भांडारांत डेबियनकडून नव्या दुरुस्त्या येईनाशा झाल्या. अशा यंत्रावर सूचीपत्र कितीहि ताजें करा, यादी रिकामीच येणार. कारण सूचीपत्र छापणाऱ्यानेंच दुकान बंद केलें आहे. म्हणून तपासणीस बसतांना प्रथम ‘कॅट’ या आज्ञेनें ‘ओएस-रिलीज’ ही फाइल वाचावी, प्रणालीचा क्रमांक पाहावा, आणि तिची मुदत शिल्लक आहे काय हें प्रकाशकाच्या पत्रकावरून ठरवावें. मुदतीच्या बाबतींत डेबियननें एक चांगली खबरदारी घेतली आहे. सुरक्षेच्या भांडारांतील सूचीपत्रावर सही असते, व तें कोणत्या दिवसापर्यंत ग्राह्य धरावें ती तारीखहि असते. कोणी मधल्यामध्यें जुनें सूचीपत्र पुढें करूं लागला तर ‘अपडेट’ करतांना ॲप्ट तक्रार करतो. ती तक्रार वाचावी. वर सरकून गेली म्हणून सोडूं नये.

शेवटीं, पॅकेज नवें झालें म्हणजे चालू असलेलें काम नवें झालें असें नाहीं. सुरू असलेला कार्यक्रम पूर्वीं स्मृतींत घेतलेली जुनी प्रतच वापरीत राहतो. हार्टब्लीडच्या वेळीं कित्येकांनीं पॅकेज बदललें पण सेवा पुन्हां सुरू केली नाहीं, तर त्यांचा दोष तसाच राही. गाभा, म्हणजे कर्नल, बदलला असेल तर यंत्रच बंद करून पुन्हां सुरू करावें लागतें. ‘युनेम -आर’ विचारलें असतां सध्यां कोणता गाभा चालू आहे तें कळतें. ‘नीडरीस्टार्ट’ नांवाचें एक लहान साधन आहे; कोणत्या सेवा अजून जुन्या प्रतीवर चालल्या आहेत हें तें शोधून सांगतें.

आमच्या खोलींत आतां दर शनिवारीं शेवटच्या तासाला तपासणी होते. वहींत पूर्वीं एकच रकाना होता. आतां चार आहेत : सूचीपत्र कोणत्या दिवशीं उतरविलें, त्यांत किती नांवें निघालीं, तीं कोणीं बदललीं, आणि यंत्र पुन्हां सुरू केलें कीं नाहीं. पिपच्या यादीसाठीं मागच्या पानावर वेगळी जागा ठेवली आहे. ‘अपडेट’ करतांना एखादी ओळ चुकीची निघाली, तर ती जशीच्या तशी उतरून घेण्याचें काम आठवींतील मुलांकडे आहे, आणि त्यांत त्यांचें रोमन अक्षर सुधारत चाललें आहे. जूनमधील ती जुनी नोंद आम्हीं खोडली नाहीं. तिच्या खालीं नववींतील त्याच विद्यार्थ्यानें लाल शाईनें लिहून ठेवलें आहे : ‘सूचीपत्र एप्रिलचें होतें.’